मोसम, तुफान आणि किनाऱ्यावरची नाव

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही. अकोल्याहून सर्वांत जवळचे मोठे बंदर म्हणजे मुंबई, आणि तेही रेल्वेने पावणेसहाशे किलोमीटरवर. तेव्हा वादळाच्या दिवसांत नाव कशी सांभाळतात हा विषय येथील विद्यार्थ्यांपुढे कशासाठी, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपला समुद्राशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला, आणि त्या सुमारास अमरावती, अकोला, खामगाव येथील कापसाच्या गाठी मुंबईस जाऊन तेथून जहाजाने लिव्हरपूलला जात. हजयात्रेचा जलमार्ग १९९५ मध्ये बंद झाला. तोपर्यंत बडनेरा किंवा अकोला स्टेशनवर गाडीत बसून मुंबईच्या मुसाफिरखान्यात उतरायचे आणि गोदीतून जहाजाने जिद्द्यास जायचे, हा आपल्या कितीतरी घरांतील वडीलधाऱ्यांचा प्रवास होता. आणि नदीवरची नाव तर येथेही आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले, ही गोष्ट अमरावती जिल्हा अजून विसरलेला नाही.

शिवाय एक गोष्ट अशी की, ज्या पावसाची आपला शेतकरी मृगापासून वाट पाहतो, तोच पाऊस कोकणच्या दर्यावर्दी माणसाचा धंदा बंद करतो. आपल्याकडे पेरणी सुरू होते त्याच दिवसांत तिकडे नाव पाण्याबाहेर निघते. एकच वारा एकाला रोजगार देतो आणि दुसऱ्याचा तीन महिने काढून घेतो. या तीन महिन्यांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठीत आपण ‘मोसमी वारे’ म्हणतो. हा मोसम मूळ अरबी ‘मौसिम’. त्याचा अर्थ ठरलेला, खूण करून ठेवलेला काळ. अरबीत हा शब्द हजच्या दिवसांनाही लावतात आणि जहाज हाकारण्याच्या दिवसांनाही. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत जाऊन त्याचा मॉन्सून झाला. तुफान, बंदर, दर्या, लंगर, जहाज, खलाशी, नाखवा, सारंग हे मराठी किनाऱ्यावरचे रोजचे शब्दही अरबी-फारशीतून आलेले आहेत. नाखवा म्हणजे फारशी नाखुदा, नावेचा धनी. आज हा शब्द कोळीवाड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि तो आपला नव्हे असे कोणत्याही कोळ्याला वाटत नाही. व्यापार करताना माणसे एकमेकांकडून काय काय घेतात, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता या मोसमात एक मोठी अडचण होती. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे हजचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. वारा मात्र चंद्राचे ऐकत नाही. तो सूर्याप्रमाणे चालतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून, हा त्याचा क्रम. तेव्हा शिडाच्या काळात हजची तारीख कोणतीही असो, सुरतेची जहाजे सामान्यतः फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तांबड्या समुद्राकडे निघत आणि पावसाळ्याचा जोर ओसरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात परत येत. यात्रेकरूला कधी मक्केत महिनोन् महिने थांबावे लागे. अकबर बादशहाची आत्या आणि ‘हुमायूननामा’ लिहिणारी गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून निघाली. परतताना तिचे जहाज एडनजवळ फुटले, तेथे सुमारे एक वर्ष अडकून पडावे लागले आणि फत्तेपूर सिक्रीला ती पोचली १५८२ मध्ये. बादशाही घराण्यातील स्त्रीची ही गत, तर सामान्य यात्रेकरूची काय असेल!

याच कारणाने अरब नावाड्यांनी समुद्रासाठी निराळी कालगणना ठेवली. पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद हा जुल्फार, म्हणजे आजच्या रास अल् खैमा भागातला. त्याने नौकानयनावर ग्रंथ लिहिले आणि त्यांत कोणत्या बंदरातून केव्हा निघावे हे नौरोजपासूनच्या दिवसांच्या आकड्यांनी सांगितले. नौरोज सौर वर्षाचा, म्हणून हे आकडे सरकत नाहीत. पश्चिम किनाऱ्याची बंदरे पावसाळ्यात सुमारे तीन महिने मिटतात. या काळाला अरब नावाडी ‘समुद्राला कुलूप लागले’ अशा अर्थाचे नाव देत. (वास्को द गामाला आफ्रिकेहून कालिकतपर्यंत वाट इब्न माजिदनेच दाखविली, असे काही मार्गदर्शक पुस्तकांत अजून छापतात. त्याला भक्कम आधार नाही, व आजचे बहुतेक अभ्यासक ते मानीत नाहीत. परीक्षेत तसे लिहू नये. त्याची कीर्ती त्याच्या ग्रंथांवर उभी आहे, तिला गामाची गरज नाही.)

कुलूप लागले की नाव ठेवायची कोठे? येथे कोकणच्या कारागिराचे शहाणपण पाहण्यासारखे आहे.

लहान नाव असेल तर ती सरळ किनाऱ्यावर ओढतात. त्यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमेचे उधाण पाहतात, कारण त्या भरतीला पाणी सर्वांत वर चढते आणि नाव जितकी वर तरंगत नेता येईल तितके माणसांचे श्रम वाचतात. पुढे खाली ओंडके घालून, दोरांनी ओढून, दहा-वीस माणसे तिला लाटेच्या पलीकडे नेतात. दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू देतात. शीड उतरवून, वाळवून घरात जाते. डोलकाठी, वल्ही, सुकाणू काढून ठेवतात. तळाचे भोक उघडे ठेवतात, म्हणजे आत पडलेले पावसाचे पाणी वाहून जाते. आणि मग नावेवर माडाच्या झावळ्यांचे छप्पर चढते. यालाच नाव शाकारणे म्हणतात. आपल्याकडे घर शाकारतात तसेच हे. अलीकडे झावळ्यांच्या जागी ताडपत्री व प्लास्टिक आले आहे.

पावसासाठी छप्पर, हे कळण्यासारखे आहे. परंतु पावसाळ्यातही अधूनमधून कडक ऊन पडते, आणि लाकडी नावेचा खरा शत्रू हे ऊन आहे. पाण्यात फुगलेली फळी उन्हात आकसते आणि सांधे उघडतात. छपराखाली लाकूड हळूहळू, सारखे सुकते. मग तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडून काढतात. लाकूड पोखरणारा एक समुद्री किडा असतो, त्याची भोके शोधतात. सांध्यांत तेलाने भिजवलेला कापूस ठासून भरतात, वर राळ लावतात. तळाला पूर्वी चुना व चरबी यांचा लेप देत, आणि वरच्या भागास माशाच्या तेलाचा हात. म्हणजे समुद्राचे पाणी अडवते ते शेवटी आपल्या ओळखीचे बोंड! विद्यार्थी मित्रांनो, कापसाचा उपयोग फक्त कापड असे उत्तर लिहिताना हेही लक्षात असू द्या.

मोठी गलबते मात्र ओढता येत नाहीत. ती खाडीत जातात. खाडीला वळण असले की मोठी लाट तोंडाशीच मोडते. काठच्या तिवरांच्या दाट झाडीत उरलेला जोर जिरतो, आणि तळाशी चिखल असल्याने नाव टेकली तरी फुटत नाही. येथे दोर बांधण्याचीही रीत आहे. नवख्याला वाटते की दोर आखूड आणि ताठ बांधला म्हणजे नाव पक्की. प्रत्यक्षात उलट आहे. तुफानात पाणी चढते, तेव्हा आखूड दोर एकतर तुटतो किंवा नांगर उचलून घेतो. दोर लांब सोडला तर ओढ आडवी पडते आणि नांगर तळात अधिक रुततो. म्हणून दोर लांब, नांगर दोन, आणि दोन नावांत इतके अंतर की एक फिरली तरी दुसरीवर आदळू नये. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून पाहावयास मिळते. कोकणच्या सहलीला गेलेल्या शाळांनी किल्ला पाहून परत न फिरता ती अवश्य पाहावी.

परंतु शांत खाडी म्हणजे सुरक्षित खाडी नव्हे, हे सतराव्या शतकाच्या इतिहासात दिसते. जंजिऱ्याचे सिद्दी मोगल बादशहाच्या वतीने समुद्र राखीत. पावसाळ्यात त्यांचे आरमार मुंबईत माझगावला येऊन राही. इंग्रजांना हा पाहुणा नको होता, कारण शिवाजी महाराजांचा रोष होई. आणि नाही म्हणावे तर सुरतेचा व्यापार मोगलांच्या हाती. शेवटी ते परवानगी देत आणि पावसाळाभर खलाशी व रहिवासी यांच्या तक्रारी ऐकत बसत. १६७८ च्या पावसाळ्यात महाराजांनी आपला आरमारी सरदार दौलतखान याला पनवेलकडे पाठविले. माझगावला उभी असलेली सिद्दीची जहाजे जाळावीत, असा बेत होता. तो साधला नाही. पण हिशेब स्पष्ट आहे: पावसाळ्यात बांधलेले आरमार पळू शकत नाही.

वर्गात हा भाग शिकविताना मुले हमखास विचारतात, सर, यात आपले कोण? एका बाजूस सिद्दी, दुसऱ्या बाजूस दौलतखान. त्या काळी खलाशी कोणाच्या चाकरीत आहे यावर बाजू ठरे, हे मी त्यांना सांगतो आणि पुढचा धडा घेतो. पावसाची भीती दोघांनाही सारखीच होती.

या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरले आहे. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. त्यातील आरमाराचे प्रकरण लहान आहे, परंतु लिहिणाऱ्याने नावा पाहिल्या आहेत हे ओळीओळीस कळते. पावसाळ्यातील मुक्कामाला तेथे ‘छावणी’ म्हटले आहे. समुद्र खवळण्याची वाट न पाहता, काही दिवस आधीच छावणी करावी. उघड्या समुद्रावर, जलदुर्गाच्या भरवशावर नावा ठेवू नयेत. खाडीचे सुरक्षित बंदर पाहावे आणि तेथे शत्रूपासून व आगीपासून पहारा असावा. दरवर्षी त्याच एका बंदरात छावणी करू नये, कारण शिपाई कितीही शिस्तीचे असले तरी गावच्या रयतेला त्यांचा उपद्रव होतोच. तो एकाच गावाने दरसाल का सोसावा? हा शेवटचा विचार माझगावच्या हकिकतीनंतर वाचला म्हणजे त्याचे मोल कळते.

लाकडाविषयीचा त्यातील उपदेश पुष्कळांना ठाऊक आहे. आरमारासाठी साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे. परंतु आंबा-फणस उपयोगी असूनही त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने मुलांप्रमाणे वाढविलेली असतात. ही गोष्ट भाषणांतून वारंवार येते, आणि ती यावीच. परंतु माझ्या मते त्याच प्रकरणातील दुसरी, रुक्ष वाटणारी सूचना अधिक खोल आहे. आरमाराचा खर्च मुलखातून नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर सोडू नये, असे अमात्य सांगतात. तसे केले तर खर्च भागविण्यासाठी सावकार व व्यापारी यांना त्रास होईल आणि बंदरच मोडेल, असे त्यांचे कारण आहे. म्हणजे नाव समुद्रात असो की छपराखाली, तिच्यावरच्या माणसाचे पोट जमिनीवरच्या पैशाने चालले पाहिजे. हे ज्याला कळले त्याची नाव वाचते. ज्या नाखव्याजवळ पावसाळ्याचे धान्य नाही, तो आकाश न पाहताच नाव लोटतो.

एकोणिसाव्या शतकात आगबोट आली आणि आता मोसमाचे बंधन गेले असे लोकांना वाटू लागले. वारा उलटा असला तरी यंत्र पुढे ढकलते, मग पंचांग कशाला पाहायचे? या विश्वासाची किंमत फार मोठी पडली, आणि ती बहुतेक वेळा डेकवरच्या गरीब उतारूंनी दिली.

१८८० च्या जुलै महिन्यात ‘जेद्दा’ नावाची आगबोट नऊशेहून अधिक हजयात्रेकरू घेऊन सिंगापूरहून निघाली. ऐन पावसाळ्यात आफ्रिकेच्या टोकाजवळ ती खवळलेल्या समुद्रात सापडली. बॉयलर जागचे हलले, पाणी आत येऊ लागले. तेव्हा कप्तान व युरोपियन अधिकारी जीवरक्षक नावेत बसून जहाज सोडून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलले आणि एडनला पोचून त्यांनी सांगितले की जेद्दा बुडाली, सर्व यात्रेकरू गेले. त्यानंतर अवघ्या एक-दोन दिवसांत ‘अँटिनॉर’ हे जहाज एडनच्या बंदरात शिरले आणि त्याच्या मागे ओढून आणलेली जेद्दा होती, यात्रेकरूंसह! त्या लोकांनी दिवसरात्र पाणी उपसून जहाज तरंगत ठेवले होते. जोसेफ कॉनरॅडने पुढे या घटनेवरून ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली. कादंबरी पळून गेलेल्या अधिकाऱ्याच्या पश्चात्तापाची आहे. पाणी उपसणाऱ्यांची कोणी लिहिली नाही.

‘वैतरणा’ हे जहाज १८८५ मध्ये बांधलेले, नवे. त्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक त्याला ‘विजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ते कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाले. कप्तान हाजी कासम. सातशेहून अधिक माणसे होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थी होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ चक्री तुफानात ते नाहीसे झाले. एकही माणूस परत आला नाही, आणि जहाजाचा सांगाडाही सापडला नाही. पोरबंदरला कप्तानास पुढे जाऊ नको असे सांगितले होते, अशी आख्यायिका गुजराती लोकगीतांतून चालत आली आहे. ती खरी की खोटी हा वाद बाजूस ठेवू. चौकशीत मात्र जीवरक्षक साधने अपुरी होती, असे आढळले.

तारीख पाहावी: नोव्हेंबर. पुष्कळांचा समज असा की नारळी पौर्णिमा झाली, दर्या शांत झाला, आता भय नाही. वास्तविक अरबी समुद्रात चक्री तुफानाचे दोन हंगाम आहेत. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ऐन जुलै-ऑगस्टात चक्रीवादळ क्वचित होते. तेव्हा धोका असतो तो नैर्ऋत्य वाऱ्याच्या लाटांचा. म्हणजे वर्षातून एक लांब बंदी आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन बेभरवशाचे महिने, असा हा हिशेब आहे. कोकणच्या ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या आगबोटी १९२७ मध्ये बुडाल्या त्याही ११ नोव्हेंबरला. आणि ‘फयान’ वादळ आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडील कित्येक नावा तेव्हा ऐन हंगामात समुद्रात होत्या, आणि त्यांवरील अनेक खलाशी परतले नाहीत.

‘रामदास’ बोटीचा अपघात मात्र पावसाळी लाटांचा. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. मुंबईत काम करणारे कोकणी चाकरमाने घरी निघाले होते. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रेवसला पोचली नाही. वाटेत पावसाचा व वाऱ्याचा मारा आला, उतारू घाबरून एका बाजूस सरले, त्याच वेळी मोठी लाट आली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली, तीही मुंबईपासून काही मैलांवर. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे शहराला बातमी कळायलाच कित्येक तास लागले. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात फेकून नावांत जागा केली आणि बुडणाऱ्यांना उचलले. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. त्या गडबडीत हा अपघात देशाच्या इतिहासात ओळभरही उरला नाही. कोकणातील घरांत मात्र तो अजून सांगतात. गेटवे ते मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा तिकिटासाठी ताटकळणाऱ्याला ती अडचण वाटते. तिच्यामागे असे दिवस आहेत.

तुफानाचे शास्त्र आपल्याच देशात पुष्कळसे घडले, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन याने जुन्या जहाजांच्या नोंदवह्या तपासून तुफाने गोल फिरतात हे मांडले आणि १८४८ च्या आपल्या पुस्तकात त्यांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. ग्रीक शब्दातील सापाच्या वेटोळ्यावरून हे नाव. आपल्या गोलार्धात हे वेटोळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर तुफानाचे केंद्र साधारण उजव्या हातास असते. नाखव्याला पळण्याची दिशा ठरविण्यास एवढे पुरे. केंद्र अंगावरून गेले तर वारा एकदम थांबतो, आणि थोड्या वेळाने उलट दिशेने सुटतो. पहिल्या वाऱ्यापासून आडोसा देणारी खाडी दुसऱ्या वाऱ्याला उघडी पडते. शांतता झाली म्हणून दोर सोडणारा येथेच फसतो.

१८६४ मध्ये कलकत्त्यास भयंकर तुफान झाले, त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरात दिवसा बावटे आणि रात्री दिवे लावीत. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणच्या बातम्यांत अजून येते. आज उपग्रह आहेत, भ्रमणध्वनीवर इशारा येतो, चार-पाच दिवस आधी तुफानाची वाट सांगता येते. इशारा मिळणे हा आता प्रश्न राहिलेला नाही. तौक्ते वादळाचा इशारा आधी मिळालेला होता. तरी १७ मे २०२१ रोजी बॉम्बे हाय येथे २६१ माणसे असलेल्या पी-३०५ या तराफ्याचे नांगर सुटले, तो भरकटला आणि बुडाला. नौदलाने फार मोठी शर्थ केली, तरीही सत्तरहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. काम थांबले की पैसा थांबतो. आधुनिक यंत्रांच्या जगातही शेवटी तोच जुना हिशेब आडवा आला.

याच्या उलट उदाहरण एका वर्षापूर्वीचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. परंतु मासेमारीची बंदी १ जूनपासून लागू होती, आणि बहुतेक नावा समुद्रात नव्हत्या. बंदीमुळे किती जीव वाचले याची मोजदाद कोणी करीत नाही. बुडालेल्यांची नावे छापली जातात, न बुडालेल्यांची यादी होत नाही.

ही बंदी महाराष्ट्रात पूर्वी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांत जे आधी येईल तोपर्यंत असे. पुढे ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. म्हणजे नारळी पौर्णिमेचा चंद्र बाजूस राहिला आणि तारीख सूर्याची झाली, इब्न माजिदच्या आकड्यांप्रमाणे. अनेक जुने कोळी मात्र पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय नाव लोटीत नाहीत. मोठ्या यांत्रिक नौका १ ऑगस्टलाच निघतात, आणि आपण थांबलो तर मासळी दुसरा नेणार ही भीती लहान नाखव्याला घाईने समुद्रात ढकलते. बंदीचे दिवस माशांच्या प्रजननासाठी आहेत तसे माणसांच्या जिवासाठीही आहेत, हे दोन्ही नाखव्याला मान्य असते. त्याची अडचण वेगळी आहे. डिझेलचे पैसे व्यापाऱ्याकडून उचल घेतलेले असतात, जाळे उधारीचे असते, आणि घरी शाळेत जाणारी मुले असतात. जूनमध्ये फी, वह्यापुस्तके आणि दप्तर यांचा खर्च कोणत्या घराला चुकला आहे? आपल्याकडील कास्तकाराला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या रिकाम्या महिन्यांसाठी केंद्र शासनाने मच्छीमारांची बचत-मदत योजना काढली. तीत गरीब मच्छीमाराने हंगामाच्या नऊ महिन्यांत १,५०० रुपये जमा करावयाचे, शासनाने त्यात ३,००० घालावयाचे, आणि नाव किनाऱ्यावर असते त्या तीन महिन्यांत ते ४,५०० रुपये त्याला परत मिळावयाचे. महिन्यास १,५०० रुपये होतात. तेवढ्यात घर चालवायचे आणि त्याच दिवसांत नावेच्या सांध्यांना कापूस, राळ आणि तेलही आणायचे असते.